झील धरणाऱ्यांची गोष्ट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आपल्या सिंधुदुर्गात डबलबारीचं भजन ऐकलेलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. मालवण म्हणा, कुडाळ म्हणा, वेंगुर्लं म्हणा, देवळासमोरच्या मांडवात दोन बुवा समोरासमोर बसलेले असतात, रात्र सरत चाललेली असते, पखवाज तापलेला असतो आणि माणसं पेंगायचं विसरून ऐकत असतात. माझ्यासारखा मुसलमानाचा पोरही मांडवाच्या कडेला बसून हे ऐकतच मोठा झाला. कुणी ऊठ म्हटलं नाही. घरी जाताना माणसं बुवाचं नाव घेत जातात. बुवाच्या मागे बसून झांजा वाजवत ओळ उचलणाऱ्यांचं नाव मात्र कुणाच्या तोंडी नसतं. पण बुवानं ओळ टाकली आणि मागच्यांनी ती उचललीच नाही, तर बुवाचं काय होईल, विचार करून बघा.

शाहिरीत या मागच्या माणसाला झीलकरी म्हणतात. शाहीर ओळ सोडतो, झीलकरी ती धरतो, वर नेतो आणि शाहिराला श्वास घ्यायला सवड देतो. आज मी सांगणार आहे ती झील धरणाऱ्यांची गोष्ट. गोष्टी तशा दोन आहेत. एक आपल्या मुंबईतली, लाल बावटा कलापथकाची. दुसरी इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री नावाच्या शहरातली, 'द स्पेशल्स' नावाच्या बँडची. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरी एक सांगू लागलो की मला दुसरी आठवते. का आठवते, ते ऐकता ऐकता तुमच्या लक्षात येईलच.

पहिली गोष्ट मला आमच्या चाचांकडून मिळाली. चाचा परळला एका गिरणीत कामाला होते. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात असा एक चाकरमानी होताच. मुंबईचं गिरणगाव भरलं होतं ते कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीनं झोपायचे आणि खाणावळीत जेवायचे. चाचा ईदला नाहीतर गणपतीला, जेव्हा रजा मिळेल तेव्हा गावी येत. त्यांना स्वतःला गाता येत नसे. पण तरुणपणी मैदानात ऐकलेल्या एका माणसाचं गाणं सांगू लागले की त्यांचा चेहरा पालटत असे. म्हणायचे, "तो गाता तां कळता, नि कळता म्हणान रडाक येता." तो माणूस म्हणजे शाहीर अमर शेख.

अमर शेखांचं मूळ नाव महेबूब हुसेन पटेल. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीला, गरीब घरात त्यांचा जन्म झाला. लोकगीतांचा वारसा आईकडून, मुनेरबींकडून आला. पोटासाठी त्यांनी बसवर क्लीनरचं काम केलं, गिरणीत काम केलं. कामगारांच्या लढ्यात पडले, तुरुंगात गेले. आवाज असा पहाडी की मैदानाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसालाही तो आपल्याशीच बोलतोय असं वाटावं.

दुसरे अण्णाभाऊ साठे. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात, मातंग समाजात जन्मलेले. शाळेशी ओळख दीड दिवसाची. वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली, मिळेल ते काम केलं, गिरणीतही राबले. अक्षरं त्यांनी मुंबईच्या पाट्या वाचत गोळा केली. तिसरे शाहीर द. ना. गवाणकर. या तिघांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं.

आज कलापथक म्हटलं की सरकारी योजनेचा प्रचार डोळ्यांपुढे येतो. तेव्हा तसं काही नव्हतं. डफ, तुणतुणं, ढोलकी, झांज आणि चार-सहा गळे, एवढीच सामग्री. चाळीपुढचं मैदान हे थिएटर आणि जमिनीवर बसलेला कामगार हा प्रेक्षक. अण्णाभाऊंनी तमाशाचा साचा घेतला आणि आतून बदलला. गण ठेवला, पण त्यात वंदन मायभूमीला आणि हुतात्म्यांना. गवळण काढून टाकली. वगात राजाराणीच्या जागी सावकार, काळाबाजारवाला आणि निवडणुकीला उभा राहिलेला पुढारी आला. स्टालिनग्राडच्या लढाईवर त्यांनी पोवाडा केला, बंगालच्या दुष्काळावर केला. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं त्याला जगाची बातमी डफावर मिळू लागली.

अशी माणसं सत्तेला फार दिवस आवडत नाहीत. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असताना तमाशावर आणि या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. तेव्हा अण्णाभाऊंनी तमाशाला 'लोकनाट्य' म्हणायला सुरुवात केली. आज आपण हा शब्द सहज वापरतो. पण बंदी चुकवण्याच्या धडपडीत तो रुळला, हे ध्यानात ठेवायला हवं.

मग संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. पुढे शंभरावर माणसं या लढ्यात गेली. गावोगावच्या सभांत भाषणाआधी शाहीर उभा राहायचा आणि भाषणाला लागणारी हवा तोच तापवून ठेवायचा. याच काळात अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड लोकांच्या ओठी बसली. पोटासाठी मुंबईला आलेला एक माणूस गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, आणि ती आठवण सांगता सांगता महाराष्ट्राबाहेर राहिलेला सीमाभाग हीच त्याची ताटातूट होऊन बसते. लिहिली अण्णाभाऊंनी, गाजवली अमर शेखांनी.

श्रोतेहो, या छक्कडीचं मोठेपण समीक्षक सांगतीलच. मला त्यात आमचे चाचा दिसतात. त्यांची बायको, म्हणजे आमची चाची, इथं मालवणात भात काढत होती आणि ते परळला पाळी भरत होते. मातंगाच्या पोरानं लिहिलं, मुसलमानाच्या पोरानं गायलं, आणि झील कुणी धरली? मैदानात बसलेल्या मराठ्यानं, भंडाऱ्यानं, गाबतानं, महारानं, आमच्या चाचांनी. गावात ज्यांचे पाणवठे वेगळे होते त्यांचा त्या मैदानात सूर एक झाला. पथकानं जातीवर आणि धर्मावर भाषणं केली असतील नसतील, पण तिथं कोण कोण उभं आहे हे लोकांना डोळ्यांनी दिसत होतं. तेवढं पुरे होतं.

गोवामुक्तीच्या लढ्यातही अमर शेखांचा डफ घुमला. तो लढा आपल्या दाराशीच होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी बांद्याच्या पलीकडे, पत्रादेवीला, पोर्तुगिजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, हे इथल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. ज्यासाठी गायलं त्यातलं बरंचसं मिळालं. बेळगाव, कारवार राहिलं. टोळी मात्र पूर्वीसारखी राहिली नाही. अण्णाभाऊ कथा-कादंबरीत रमले होते. 'फकिरा' १९५९ साली आली. अमर शेख स्वतःचं कलापथक घेऊन फिरत होते, कविता लिहीत होते. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह. आणि मग आलं १९६९ साल. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले. २९ ऑगस्टला इंदापूरजवळ अपघातात अमर शेख गेले. दोघांच्या मरणात फक्त सहा आठवड्यांचं अंतर. एक एकोणपन्नाशीला टेकलेला, दुसरा त्रेपन्नाशीला. दोघेही आज माझ्या वयापेक्षा लहान वाटतात.

आता दुसरी गोष्ट. ती आमच्या घरात समुद्रावरून आली. आमच्या कोकणी मुसलमानांत घरटी एक तरी माणूस जहाजावर असतो. माझा एक मावसभाऊ होता. १९८५ च्या सुमाराला तो रजेवर आला तेव्हा टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी घेऊन आला. त्यातल्या एका कॅसेटमधलं इंग्रजी मला ओ की ठो कळलं नाही. पण ठेका कळला. गिटारची तार ठेक्यावर वाजतच नव्हती. दोन ठेक्यांच्या मध्ये जी मोकळी जागा असते तिथं ती वाजत होती. मला वाटलं, अरे, ही तर झील. शाहीर जिथं थांबतो तिथं मागचा माणूस आत शिरतो, तसंच हे.

या संगीताला 'स्का' म्हणतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते जमैकात जन्मलं. जमैका म्हणजे वेस्ट इंडिजमधलं बेट, ज्याचं नाव आपण क्रिकेटमुळे ऐकलेलं. तेव्हा ती इंग्रजांची वसाहत होती, १९६२ साली स्वतंत्र झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला कामाला माणसं हवी होती. तेव्हा जमैकातून हजारो कुटुंबं बोटीत बसून निघाली. येताना त्यांनी तबकड्या आणल्या. चाकरमानी गावाहून मुंबईला जाताना सोलं आणि कुळथाचं पीठ बांधून नेतो, तसंच.

कॉव्हेंट्री हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. १९४० साली जर्मन बॉम्बनी ते जाळलं, पुन्हा उभं राहिलं. तिथं १९७७ साली जेरी डॅमर्स नावाच्या तरुणानं एक बँड जमवला. हा डॅमर्स जन्मला कुठं, तर आपल्या उटकमंडला. वडील धर्मोपदेशक होते. बँडमध्ये सात जण. डॅमर्स, टेरी हॉल, रॉडी बायर्स, होरेस पँटर आणि जॉन ब्रॅडबरी हे गोरे. लिनव्हल गोल्डिंग आणि नेव्हिल स्टेपल हे जमैकात जन्मलेले काळे. त्या दिवसांत इंग्लंडच्या रस्त्यांवर 'काळ्यांनो परत जा' म्हणणाऱ्यांचे मोर्चे निघत. अशा दिवसांत हे सात जण एका मंचावर उभे राहून काळ्यांचं संगीत वाजवत होते आणि पुढं दोन्ही रंगांची पोरं एकत्र नाचत होती.

मोठ्या कंपनीची वाट न पाहता त्यांनी पहिली तबकडी उसन्या पैशांवर काढली. १९७९ साली 'टू टोन' नावाचं स्वतःचं लेबल सुरू केलं. विक्री-वितरण एका मोठ्या कंपनीकडे, पण कुणाची तबकडी काढायची हे ही पोरं ठरवणार. लेबलची खूण काळ्या-पांढऱ्या चौकटींची. त्या खुणेतच सगळं आलं.

मग १९८१ साल उजाडलं. कारखाने बंद पडत होते, बेकारी वाढत होती. त्या वसंतात कॉव्हेंट्रीत भारतीय वंशाच्या एका कोवळ्या विद्यार्थ्याला भर रस्त्यात भोसकून मारलं गेलं. जूनमध्ये स्पेशल्सनी आपल्याच गावात वंशद्वेषाच्या विरोधात मोठा कार्यक्रम केला. गोल्डिंगवर आदल्या वर्षी लंडनमध्ये हल्ला झाला होता. त्यावर त्यानं गाणं केलं आणि त्याला नाव दिलं 'का?'. एवढंच. हे गाणं ज्या तबकडीवर आलं तिच्यातलं मुख्य गाणं होतं 'घोस्ट टाऊन', म्हणजे भुतांचं शहर, ओस पडलेलं गाव. जुलैमध्ये इंग्लंडच्या शहरांत दंगली उसळल्या होत्या, आणि त्याच आठवड्यांत हे गाणं विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. तीन आठवडे.

यशाच्या या शिखरावरच बँड मोडला. हॉल, स्टेपल आणि गोल्डिंग बाहेर पडले. सततच्या दौऱ्यांनी माणसं थकली होती, गाणं कुणाच्या मनाप्रमाणं व्हायचं यावरून कुरबुरी होत्या. आपल्याकडे रापणीत दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो. मासळी किनाऱ्याला लागली की वाटे पडतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं पुन्हा दोराला लागतात. गाण्याच्या टोळीत कुणाचा वाटा किती, हे ठरवायला असा नियम नसतो. म्हणून अशा टोळ्या लवकर फुटतात.

पण फुटल्या म्हणजे संपल्या का? डॅमर्सनं १९८४ साली उरलेल्यांना आणि काही नव्यांना घेऊन नेल्सन मंडेलांच्या सुटकेची मागणी करणारं गाणं काढलं. मंडेला तेव्हा वीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होते. इंग्लंडातल्या कित्येक पोरांनी मंडेलांचं नाव पहिल्यांदा त्या गाण्यात ऐकलं. पुढं २००८-०९ च्या सुमाराला बँडमधले बरेचसे जण पुन्हा एकत्र आले, डॅमर्सशिवाय. २०१९ साली त्यांचा नवा आल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. २०१५ साली ब्रॅडबरी आणि २०२२ साली टेरी हॉल हे जग सोडून गेले.

तर अशा या दोन टोळ्या. चाचांना स्पेशल्स माहीत नव्हते, आणि डॅमर्सला वाटेगाव माहीत असायचं कारण नाही. पण कॉव्हेंट्रीचे कारखाने ओस पडले त्याच सुमाराला, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. चाचा गावी आले ते परत गेले नाहीत. पुढं कितीतरी गिरण्यांची जागा मॉल आणि टॉवरनी घेतली. भुतांच्या शहराचं ते इंग्रजी गाणं मी पुढं अर्थ लावत ऐकलं, तेव्हा मला कॉव्हेंट्री न दिसता लालबाग दिसलं. हा माझा दोष असेल तर असो.

आता माझ्यापुरतं थोडं बोलतो. मी मराठीत कविता लिहितो. कार्यक्रमानंतर कुणीतरी प्रेमानं जवळ येऊन म्हणतं, "तुमचं मराठी किती चांगलं आहे हो!" मनात वाईट काही नसतं त्यांच्या. पण हे वाक्य ते शेजारी बसलेल्या कवीला म्हणत नाहीत. माझ्या मायबोलीत मी पाहुणा आहे असं त्यात गृहीत असतं. अशा वेळी मी वाद घालत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी काही शतकांपूर्वी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, पेशवाईत सगनभाऊंच्या लावण्या गाजल्या, ही यादी मला पाठ आहे. ज्या 'शाहीर' शब्दानं आपली छाती फुगते तो 'शायर'पासून आला, आणि डफही त्याच वाटेनं आला. १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेही याच ओढीनं. पण यादी दाखवून कुणी आपलं होत नाही. अमर शेखांना असं प्रमाणपत्र कुणी विचारलं नाही, कारण ते गाऊ लागले की समोरचे हजारो गळे झील धरत होते. ज्याची झील तुम्ही धरली त्याला परका कसं म्हणणार?

मला हेच सांगायचं होतं. एकत्र राहावं, सलोखा ठेवावा, असं आपण फार बोलतो आणि पोरं कंटाळतात. कॉव्हेंट्रीच्या पोरांनी आणि आपल्या शाहिरांनी बोलण्याआधी एका रांगेत उभं राहून दाखवलं. दुसऱ्याच्या ओळीला आपला श्वास देणं ही फार मोठी गोष्ट आहे. त्यासाठी आधी त्याची ओळ नीट ऐकावी लागते, नाहीतर झील चुकते.

जाता जाता एक विनंती. स्पेशल्सच्या पहिल्या आल्बमच्या वेष्टनावर सातही जणांचा फोटो आहे. ढोल वाजवणाऱ्यापासून गाणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं जगाला ठाऊक आहेत. लाल बावटा पथकाची आपण तीन नावं घेतो. तुणतुणं कुणी धरलं, झांज कुणाच्या हातात होती, झीलेत कोण होतं, त्यांची नावं आपल्या बोलण्यात येत नाहीत. गावोगावच्या पथकांचं, भजनी मंडळांचं, दशावताराच्या पेटीवाल्या-पखवाजवाल्यांचंही तेच. तुमच्या घरात असा एखादा म्हातारा असेल, ज्यानं तरुणपणी कुणाच्या तरी मागं उभं राहून ओळ उचलली, तर आज जेवणं झाल्यावर त्याच्याजवळ बसा. त्याच्या शेजारी कोण कोण उभं असायचं ते विचारा. पोराच्या वहीचं मागचं पान घ्या आणि ती नावं लिहून ठेवा, आडनावासकट, वाडीसकट. वही जपून ठेवा.

नमस्कार. खुदा हाफिज.